ओनेहुंगाचा सूड

२४ ऑगस्ट, दुपार
इंद्रजीतला सोडायचं नाही. हा माझा मेव्हणा, ऑकलंडहून सुट्टीवर आलाय. जेवताना अख्ख्या सासरवाडीसमोर विचारतो, दाजी, बायकांना मतदानाचा हक्क पहिला कुठल्या देशानं दिला, सांगा की. मी ठासून इंग्लंड म्हणालो. निघालं न्यूझीलंड, १८९३. सगळे हसले. बायको सगळ्यांत जास्त. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टॉवेलचे माग आहेत, गल्लीतल्या नवरात्र मंडळाचा मी कायमचा बिनविरोध अध्यक्ष आहे. मला कुणी हसत नाही.

२५ ऑगस्ट, पहाट
संकल्प : न्यूझीलंडचं १८९३ साल अख्खं पाठ करायचं. रोज पहाटे. इंद्रजीतला त्याच्याच देशाच्या इतिहासात लोळवायचं.

२५ ऑगस्ट, सकाळी ९
झोप लागली. पण झोपेत मेंदू काम करतो असं कुठंतरी वाचलंय.

३० ऑगस्ट
जबरदस्त माल सापडला. एप्रिलमध्ये तिथला प्रीमियर, म्हणजे पंतप्रधानच, वारला. १९ सप्टेंबरला बायकांच्या हक्काच्या कायद्यावर सही. २८ नोव्हेंबरला बायकांचं पहिलं मतदान. आणि हुकमाचा एक्का : दुसऱ्याच दिवशी ओनेहुंगा नावाच्या गावानं एका बाईला नगराध्यक्ष केलं. ब्रिटिश साम्राज्यातली पहिली. हे इंद्रजीतच्या बापालाही माहीत नसेल. बाप म्हणजे माझे सासरे. फोन करून खात्री केली. खरंच माहीत नाही.

५ सप्टेंबर
प्लॅन पक्का. १९ तारखेला मंडळातर्फे इंद्रजीतचा सत्कार. फेटा, शाल, श्रीफळ आणि मग माइकवर प्रश्न. तो गडबडला की हसायला बायका हव्यात, म्हणून रोज संध्याकाळी आमच्या अंगणात माझं व्याख्यान. बायकोनंच सगळ्या गोळा केल्या, चहाही तिचाच. तिला पश्चात्ताप झालेला दिसतो. शेजारच्या शिवबाई आजींनी विचारलं, त्या बाईचा नवरा कोण हुता वो? मी सांगितलं, तिच्या आधी तिथला नगराध्यक्ष तोच. आजी म्हणाल्या, असं व्हय. आणि माझ्या बायकोकडे बघत बसल्या.

१२ सप्टेंबर
बायका नाव विसरतात. मागावर नॅपकिन विणून घेतले, काठाला ‘ओनेहुंगा १८९३’. घरटी एक वाटला. कारखान्यात मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरनं विचारलं, मालक, ही नवी पार्टी कुटली? अडाणी.

१९ सप्टेंबर
सत्कार झाला. पहिली बाई नगराध्यक्ष कुठल्या गावची, हा प्रश्न टाकला. इंद्रजीत म्हणाला, न्हाय बा ठाऊक. मी हसायचा इशारा केला. बायकांनी हसायचं सोडून एका सुरात उत्तर दिलं. इंद्रजीत उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. म्हणे, तिकडंबी एवढं कुणाला येत न्हाय, दाजी लई भारी.
हा डाव मी चालू दिला नाही. माइक परत ओढला आणि सांगितलं, तुमच्या न्यूझीलंडला कायदा करायला किती वर्षं घासावं लागलं, आमचं मंडळ बायकांना मतदान आत्ता, या मिनिटाला देतंय. मांडव दणाणला. इंद्रजीतचं तोंड पडलं असावं. बायका मधे उभ्या राहिल्यामुळं दिसलं नाही.

२२ सप्टेंबर
नवरात्राआधी मंडळाची निवडणूक असते, यंदा अध्यक्षपदाला माझ्याविरुद्ध उमेदवार. माझीच बायको. चहा देताना सांगितलं. मी का म्हणून विचारलं, तर म्हणे, तुमीच तर पंधरा दिवस शिकवलं की. प्रचाराला इंद्रजीत मोटारसायकल घेऊन फिरतोय. प्रत्येक बाईच्या खांद्यावर नॅपकिन. माझा माल, माझ्यावरच.
काळजी नाही. पुरुष माझे आहेत. आज कोपऱ्यावर चहाला हाक मारली तर कुणी थांबलं नाही. घाईत असतील.

२७ सप्टेंबर, दुपार
निकाल. मला दोन मतं. बाकी सगळी राजनंदिनीला, म्हणजे हिला.
हरकत नाही. ओनेहुंगाची ती बाईसुद्धा वर्षभरच टिकली. पुढच्या नवरात्राला एकेकाला बघून घेतो. इंद्रजीतला तर विमानतळावर सोडायलाही जाणार नाही. त्यातल्या त्यात, एक मत माझं, म्हणजे अख्ख्या गल्लीत एक तरी इमानी माणूस आहे. त्याला शोधून उपाध्यक्ष करायला लावीन.

२७ सप्टेंबर, संध्याकाळ
शोधला. ही मेथी निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, माझं हुतं ते. तुमाला एकटं तुमचंच पडलं असतं, तर तुमी आज जेवला नसता.
जेवलो.