खडकावर तुझं नाव नको

प्रिय हेमंत,

तू गेल्याला चार महिने झाले. तुझ्या मयतालाही मी आलो नव्हतो, मग आज पत्र कसलं? तर परवा मीनल वहिनी सायवनला माझ्या पंक्चरच्या दुकानात आल्या. बरोबर तुझ्या ट्रेकिंग ग्रुपमधले दोघे. पिशवीत पितळी पाटी. तिच्यावर तुझं नाव आणि खाली, ‘या खडकाचा शोध लावणारा’.

"लक्ष्मणभाऊ, ही तिथे बसवायची आहे. वाट तुम्हालाच माहीत, असं हे म्हणायचे."

चला, एवढं तरी खरं सांगितलं होतंस!

शोध लावणारा! अरे, २०१५ च्या दिवाळीत आमचा बैल हरवला, त्याला शोधताना मला तो खडक दिसला. करवीच्या रानात दडलेला, तीन पुरुष उंच, एकाच बाजूला उभी चीर. मीही शोधला असं म्हणत नाही. पाड्यातल्या म्हाताऱ्यांना तो आधीपासून ठाऊक होता.

बोर्डीला फोन करून तुलाच बोलावलं. तू चिकूच्या वाडीवाल्यांचा, मी हॉस्टेलातला, तरी दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे तू मास्तर झालास, मी पंक्चरवाला. पण असलं काही सापडल्यावर दुसऱ्या कुणाला सांगणार होतो?

तू महागडे बूट घालून आलास आणि दोनदा घसरलास. गुडघा फोडून घेतलास. मी अनवाणी, चिरेत मुठी रुतवत वर गेलो आणि तिथल्या झाडाला दावं बांधून खाली सोडलं. "लखू, सोडू नको रे!" किती वेळा ओरडलास, आठवतं? वर पोचल्यावर उताणा पडून हसत राहिलास. मग म्हणालास, "हे आपल्या दोघांतच. कुणाला सांगायचं नाही."

मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही रे.

आणि दीड वर्षानं पेपरात खडकावरचा तुझा फोटो! ‘एकट्यानं भटकताना मला सापडलेला खडक.’ एकट्यानं? मग तो फोटो काढला कोणी?

त्यानंतर पाड्यात गाड्या लागायला लागल्या. कुणी खडकाला भोकं पाडून खिळे ठोकले, कुणी करवी तोडून शेकोट्या केल्या. जंगलाच्या गार्डनं धरलं मला. "बाहेरची माणसं तूच आणतोस ना?" सकाळपासून चौकीत बसवून ठेवलं. मी तुला फोन केला, "येऊन एवढंच सांग, की यात लखू नाही." तू म्हणालास, "शाळेत परीक्षा आहे रे, संध्याकाळी बघतो."

कुठली संध्याकाळ, हेमंत?

तुला कावीळ झाल्याचं बोर्डीच्या टेम्पोवाल्याकडून कळलं. तरी मी हट्टानं आलो नाही. आधी तू येशील, चुकलो म्हणशील, म्हणून थांबलो. काविळीनं तू जाशील, असं कुणाला वाटलं होतं? याचा राग तुझ्यावर करायचा की माझ्यावर, अजून ठरत नाही.

परवा ग्रुपवाल्यांना पाड्यातच बसवलं आणि वहिनींना एकट्यांना वर नेलं. खिळ्यांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा हे कसे चढले हो?"

मी सगळं सांगितलं. दाव्यासकट, चौकीसकट.

वहिनी तिथेच खडकाला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "तुमचा विषय निघाला की हे उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, तुम्हीच काहीतरी केलं असेल."

पाटी पिशवीतच परत गेली. उतरताना वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या. तुझ्या बायकोला मी रडवलं! खोटं बोललास तू, आणि खरं सांगायचं काम टाकून गेलास माझ्यावर.

तुला शब्द देतो. मी आहे तोवर त्या खडकावर कुणाचंच नाव लागणार नाही, तुझं नाही आणि माझंही नाही. वहिनींना कधी पुन्हा यावंसं वाटलं, तर दुकान बंद करून त्यांना घेऊन जाईन. तुला माफ केलं म्हणून नव्हे. ते मला अजून जमलेलं नाही.

तुझा,
लखू