कॉम्प्युटरमधला साखरपुडा

मखमलाबाद, नाशिक
८ फेब्रुवारी २००४

प्रिय सृष्टी,

माझं पत्र बघून तुला अवघड वाटेल, हे मला कळतं. हर्षल गेल्यावर तू आलीस तेव्हा आपण दोघी शेजारी बसून होतो, पण बोललो काहीच नाही. नंतर मी फोनही केला नाही. मला तसंही फार बोलता येत नाही, आणि लिहायची सवय शाळेच्या ऑफिसातल्या पत्रांपुरतीच. आज रविवार म्हणून गंगापूर रोडवरून आईकडे आले आहे आणि इथेच लिहायला बसले आहे. काही वेडंवाकडं लिहिलं गेलं तर मनावर घेऊ नकोस.

दुसरीकडे तुझं लग्न ठरल्याचं तुझ्या काकांकडून कळलं. बरं झालं. हे मी वरवर म्हणत नाही. संक्रांतीनंतर ते मालेगावहून सकाळच्या एस.टी.ने आमच्याकडे आले होते. तुला सांगून आले की न सांगता, मला माहीत नाही. चहा घेतला आणि पिशवीतून साखरपुड्याची साडी आणि अंगठी काढून ओट्यावर ठेवली. आई म्हणाली, “लेकीला नेसवलेलं लुगडं परत घ्यायला आम्ही काय दुकान मांडलंय का?” काका खाली बघत राहिले, पण साडी उचलली नाही. त्यांचाही इलाज नव्हता. निघताना मला फाटकापाशी बोलावून म्हणाले, “ताई, फोटो राहिलेत तेवढे. मुलाकडच्यांना साखरपुड्याचं सांगितलंय, लपवलं नाही. पण फोटो कुठं राहायला नकोत. तुम्ही शिकलेल्या आहात.” मी हो म्हटलं. फोटो सगळे कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि कॉम्प्युटर दसऱ्यापासून सुरूच होत नाही, हे सांगितलं असतं तर त्यांना तो बहाणा वाटला असता.

फोटोग्राफर नको म्हणणारा हर्षलच होता, तुला आठवत असेल. रोल धुवा, छापा, अल्बम करा, कशाला? देवळाली कॅम्पातल्या मित्राकडे डिजिटल कॅमेरा आहे, फोटो थेट कॉम्प्युटरवर येतील, घरात बसून टीव्हीसारखे बघू. अण्णा गेल्यापासून घरात त्याचाच शब्द चालायचा. मित्राने फोटो इथे उतरवून दिले आणि कॅमेऱ्यातून पुसून टाकले, कारण दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्या कोणाचं बारसं होतं. लग्नाच्या आधी छापून आणू, असं आपलं ठरलं होतं. मग गणपतीच्या दिवसांत झेंडूची क्रेटं ओझरला पोचवून परत येताना हायवेवर जे झालं ते झालं. त्याचे शेवटचे फोटो तेच. भिंतीवर हार घातलेला जो आहे तो लायसन्ससाठी काढलेला. कॉलर गळ्याशी आवळलेली, चेहरा पोलिसांनी पकडून बसवल्यासारखा. आई त्या फोटोला हात जोडत नाही. म्हणते, “हा माझा हर्षल नाय. ह्यो कोण हाय, देव जाणे.”

तर कॉम्प्युटर. बटण दाबलं की पंखा फिरायचा, बीप व्हायचं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची आणि तिथेच थांबायचं. कॉलेज रोडच्या दुरुस्तीवाल्याला मी फोनवर एवढंच सांगितलं. तो म्हणाला, “विंडोज उडालंय मॅडम. फॉरमॅट मारू, नव्यासारखा होईल.” मी विचारलं, आतल्या फोटोंचं काय? “ते जाणार.” नंतर बघू म्हणून मी फोन ठेवला. खरं सांगू, काका येऊन गेल्यावर मला वाटलं, मारू दे फॉरमॅट. तुझ्या घरचा शब्द राहील आणि आईला सांगता येईल की यंत्रच बिघडलं, कोणी काही केलं नाही. पण आई रोज दुपारी त्या बंद पडद्यासमोर जाऊन बसते, हे मला आमच्या शेजारच्या रंगूबाईंनी सांगितलं. टेबल पुसते आणि बसते. एकदा त्यांनी विचारलं, काय बघता? तर म्हणाली, “तो आत हाय. पोरगी शिकलेली हाय, काढील बाहेर.”

मागच्या रविवारी मी त्या पांढऱ्या अक्षरांसमोर बसले आणि पहिल्यांदा ती नीट वाचली. कीबोर्डमध्ये बिघाड आहे, असं लिहिलं होतं, आणि खाली, पुढे जायचं असेल तर कीबोर्डवरचं अमुक बटण दाबा. हर्षल असता तर यावर आठवडाभर हसला असता. मी कीबोर्ड उलटा करून आपटला. कुंकू लागलेले तांदूळ पडले, झेंडूच्या पाकळीचा चुरा पडला. बटणं चिकटून बसली होती, काही तर दाबलेलीच राहिली होती. आईकडे बघितलं तर ती दाराशीच उभी होती.

आमच्याकडे खंडेनवमीला विळे, खुरपी, फवारणीचा पंप सगळं धुऊन मांडतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडून त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडतात. हर्षल कॉम्प्युटरही मांडायचा, पण वरून टॉवेल टाकायचा आणि डब्यावर बोटाने स्वस्तिक काढून म्हणायचा, “एवढं बास, याला पाणी चालत नाय.” या वर्षी तो गेलेला, घरात सण नव्हता. अवजारं कोणी बाहेर काढली नाहीत. आईने मात्र कोणाला न सांगता कॉम्प्युटरची पूजा केली, आणि टॉवेल टाकायचं तिला आठवलं नाही. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, “विळ्याखुरप्यांचं राहिलं तरी चालंल. त्याचं हत्यार तसंच कसं ठेवायचं?” नारळाच्या पाण्याने हे झालं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

काल शनिवारी शाळेतला कीबोर्ड विचारून घेतला आणि आज इथे आणला. जोडला आणि कॉम्प्युटर सुरू झाला. काहीच गेलं नव्हतं. आम्ही दोघींनी सगळे फोटो बघितले. तुझ्या मावशी डोळे मिटून, काका अक्षता शोधताना, मंगळूमामा ताटावर बसलेले. तुम्हा दोघांचे पाटावरचे, अंगठीचे, पाया पडतानाचे. आई मधेच म्हणायची, “थांब, मागं घे.” मी मागे घ्यायचे. सगळे झाल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले. ती रडली नाही. दुसऱ्यांदा संपल्यावर पदराने पडदा पुसला आणि म्हणाली, “आता पूस. ती पोर दुसऱ्याच्या घरी नांदायला चालली. तिचं तोंड आपल्या घरात अडकवून ठेवायचं नाय.” काकांनी मला काय सांगितलं होतं, ते मी तिला बोललेच नव्हते.

हर्षल एकटा असा एकही फोटो नव्हता. प्रत्येकात तू होतीस, अगदी शेजारी. म्हणून मी एकेक करून सगळे पुसले. पुसलेले जिथे जमतात तिथूनही काढून टाकले. काकांना सांग, निश्चिंत राहा. आई तोवर बागेत गुलछडीला पाणी द्यायला निघून गेली होती.

सगळे म्हणाले, पण एक ठेवला आहे, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. तू त्याला पेढा भरवते आहेस. तो तोंड उघडून हसतोय, पेढा पडेल की काय असा. तुझा चेहरा फोटोत नाही, नुसता हात आहे, मनगटापर्यंत. तो मोठा करून आणायचा आणि लायसन्सच्या जागी लावायचा, असं माझ्या मनात आहे. तुझ्या परवानगीशिवाय लावणार नाही. हे पत्र काकांनी आधी वाचलं तरी चालेल. हो किंवा नाही, एका कार्डावर कळव. महिनाअखेरपर्यंत काही आलं नाही तर नाही समजेन आणि तोही पुसेन, तुझ्याविषयी मनात काही न ठेवता. हो म्हणालीस तर काळजी करू नकोस. त्या दिवशी माझ्याही हातात हिरव्या बांगड्या होत्या. कोणी विचारलंच तर सांगेन, हात माझा आहे.

तुझीच,
साधनाताई