बर्फाचा झटका

शुक्रवार, १९ जानेवारी. सकाळ.
उद्या आमच्या ओकू गावात सान सेबास्तियान या संताची जत्रा. संकल्प : बर्फाचा गोळा एका दमात संपवायचा. मेव्हणा विल्फ्रेदो दरवर्षी भर चौकात विचारतो, "काय दाजी, चमचा चमचाच का? दात यायचेत अजून?" गार खाऊन डोकं दुखणं हा निव्वळ मनाचा कमकुवतपणा. माझं मन खंबीर आहे. सोमवारी आमची यारिबेथ राजधानीत नर्स म्हणून रुजू होणार. बापाचा पराक्रम बघून जाऊ दे.

शनिवार, २०. संध्याकाळ. हॉस्पिटल.
गोळा संपवला. हे आधी नोंदवतो.
मग कपाळात कोणीतरी सळई खुपसली. डोकं धरून खाली बसलो. बसलो कसला, आडवाच झालो. जीभ बधिर. "काही नाही" म्हणायला गेलो, नुसतं "आ-आ" निघालं. यारिबेथ किंचाळली, "पप्पांना झटका आला!" बँड थांबला. मिरवणूक थांबली. संत भर उन्हात लोकांच्या खांद्यांवर ताटकळले. पाद्रीबाबांनी धावत येऊन मरणाऱ्यासाठीची शेवटची प्रार्थना सुरू केली आणि तेवढ्यात दुखणं गेलं. साफ गेलं.
पण प्रार्थना मध्येच तोडणं बरं दिसेना. डोळे मिटून पडून राहिलो. विल्फ्रेदो हुंदके देत होता.

रविवार, २१
घरी सोडलं. निघताना डॉक्टर यारिबेथशी आणि माझ्या बायकोशी, नेरेइदाशी, बाजूला काहीतरी बोलले. पोरगी नंतर माझ्याकडे बराच वेळ बघत होती. काळजी, दुसरं काय.
नेरेइदाने सूप भरवलं. माझे हात चालतात, पण बायकोचं मन मोडवेना.
उद्या नक्की सांगतो.

सोमवार, २२
यारिबेथचा फोन भिंतीपलीकडून ऐकला : "वडील आजारी आहेत, रुजू व्हायला थोडे दिवस द्याल का?" सांगून टाकायला उठलो, दारापर्यंत गेलो. समोर विल्फ्रेदो, संत्री घेऊन. "दाजी, माझ्यामुळे झालं हे," म्हणत त्याने हात धरला. त्याच्यासमोर कसं सांगणार? परत आडवा झालो.

मंगळवार, २३
यारिबेथ पलंगाशी बसली. "पप्पा, नेमकं काय झालं होतं, आठवतंय?"
अंधुक, म्हटलं.
"मला काही सांगायचंय?"
पाणी दे, म्हटलं.
तिने आणून दिलं आणि गेली. हाक मारणार होतो. पण तिचा थकलेला चेहरा बघून आज नकोच म्हटलं. तिच्याच भल्यासाठी.

बुधवार, २४. सकाळ.
आज सांगितलंच. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, वाक्य पाठ केलं. स्वयंपाकघरात नेरेइदा एकटीच कॉफी पीत होती. तिलाच म्हणून दाखवलं.
ती म्हणाली, "रविवारीच कळलं आम्हाला. डॉक्टरांनी सांगितलं. तू आपणहून बोलशील म्हणून पोरगी थांबली होती."
कुठे आहे ती, विचारलं.
"पहिल्या बसने गेली. मी म्हटलं, पप्पांना उठवते. तर म्हणाली, राहू दे. पेशंटला झोपू दे."