पिशव्या वाळत घालणारा खलाशी

रत्नागिरी बंदर,
शिडाच्या बोटीवरून

चि. सौ. सावित्री हिस,

पोटात पाणीसुद्धा न टिकणाऱ्या तुझ्या भावोजींचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? आमच्या साडूंचा खोकला गेला का? (गेला नसेल. विडी सुटल्याशिवाय खोकला सुटत नाही, हे तुमच्या लग्नापासून सांगतो आहे.) फोनवर सगळं बोलता येत नाही, म्हणून पत्र. तुझ्याकडे एक काम आहे, पण ते शेवटी लिहितो.

अजिंक्यने मला या बोटीवर चढवलं, हे तुला कळलंच असेल. गोदा गेल्यापासून मी अंजनवेलच्या पडवीत बसून समुद्राकडे बघत असतो, त्यावरून बाबांना समुद्राची ओढ आहे असा अर्थ लेकाने काढला. (समुद्र समोर होता म्हणून बघत होतो. चिऱ्याची भिंत असती तर भिंत बघितली असती.) समुद्रातल्या प्लास्टिकचा अभ्यास आणि सफाई करायला निघालेली ही शिकलेली पोरं हौशी माणसंही सोबत घेतात. तुमचं मन रमेल, तेवढ्यात मी आणि संस्कृती वर्षश्राद्धाआधी घर साफ करून घेतो, असं तो म्हणाला. घर साफ म्हटल्यावर माझी नजर आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली.

चढतानाच मोहिमेच्या प्रमुख मृणालीबाईंनी (वय आमच्या सुनेएवढं, म्हणजे संस्कृतीएवढं, आवाज डेपो मॅनेजरचा) सामान तपासलं. बोटीवर प्लास्टिक बंद. माझे पोहे, आमसुलं, लोणचं, स्वेटर, सगळंच पिशव्यांत. त्या उतरवून झाल्यावर मी आणि छत्री एवढेच उरलो. दाभोळची खाडी मागे पडली आणि मला बोट लागली. जन्मभर खेड डेपोचा कंडक्टर मी. घाटात कुणाला मळमळलं की गोदाने खिशात कोंबलेली पिशवी काढून पुढे करायचो. इथे माझी पाळी आली तेव्हा खिसा रिकामा. शेवटी छत्री उलटी धरली. पुढचं विचारू नकोस.

दुसऱ्या दिवशी जाळं ओढलं. त्यात पिशव्याच पिशव्या. पोरं जेवायला खाली गेली. मला जेवण नको होतं, हाताला चाळा हवा होता, म्हणून त्या पिशव्या साबणाने स्वच्छ धुतल्या, उलट्या केल्या, शिडाच्या दोरीला सुतळीने बांधून वाळत घातल्या, आणि वाळतील तशा त्यांच्या त्रिकोणी घड्या घालायला बसलो. मृणाली वर आली ती मटकन खालीच बसली. पिशव्यांना चिकटलेले बारीक जीव तिला तपासायचे होते म्हणे. त्या सगळ्यांना मी साबणाने मोक्ष दिला होता. पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. काका, का धुतल्यात, एवढंच तिने विचारलं. आमच्या घरी धुतात, असं मी म्हटलं, आणि सावित्री, सगळ्यांसमोर मला रडू फुटलं. वर्षभर आलं नव्हतं.

तुला ठाऊक आहे, गोदाने दुधाची पिशवीसुद्धा कधी टाकली नाही. मी थट्टा केली की म्हणायची, "आंबे काय ओंजळीत देणार लोकांना?" तिची घडी चपटी आणि घट्ट, कधी सुटायची नाही. मी बोटीवर घातलेल्या सगळ्या उलगडल्या. तिची फार आठवण येते. बाकी ठीक आहे. जेवणात मीठ नसतं, माणसं चांगली आहेत.

तुझे,
भावोजी

ता. क. रडल्याचं अजिंक्यला सांगू नकोस. ओकल्याचं सांगितलंस तरी चालेल.

आणखी ता. क. काम असं. अजिंक्य आणि संस्कृती पुढच्या रविवारी अंजनवेलला येतील. त्याआधी तू जा. किल्ली शेजारच्या चिमाकाकूंकडे आहे. स्वयंपाकघराच्या दाराआड पिशव्यांनी भरलेली मोठी पिशवी टांगली आहे. संस्कृती सगळ्यात आधी तीच कचऱ्यात देईल. तिचा दोष नाही, मीही इथे समुद्रातून तेच उपसतो आहे. पण ती पिशवी तू सावर्ड्याला तुझ्या घरी घेऊन जा, आणि आतली एकही घडी उलगडू नकोस. (नेताना वरून कापडी पिशवी घाल. मृणालीला कळलं तर मला पोहत घरी यावं लागेल.)

शेवटचा ता. क. मोरीवरच्या दोरीला दुधाची एक पिशवी आहे. गोदाला दवाखान्यात नेलं त्या सकाळी तिनेच धुऊन लावलेली. एव्हाना वाळली असेल. माझ्याने काढवली नाही. तेवढी काढ, आणि घडी तू घाल. तुम्हा बहिणींचा हात सारखा आहे.