कुत्रीचं नाव

रुसे, बल्गेरिया

झ्लातकाबाई,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. मेथोडी इस्पितळात बेशुद्ध होता आणि त्याचे जुने रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये अडकले होते. पासवर्ड म्हणून माझं नाव घातलं, आमच्या लग्नाची तारीख घातली, उघडेना. शेवटी त्याची पहिली बायको म्हणून तुम्हाला फोन केला.

तुम्ही हसलात. "अगं, आमच्या कुत्रीचं नाव घाल, 'शारा'. त्याला दुसरं काही लक्षातच राहत नाही."

ते 'आमच्या' फार झोंबलं. ते घालताच उघडलं, तरी "नाही उघडत," असं खोटंच सांगितलं आणि पासवर्ड बदलून माझं नाव ठेवलं.

मेथोडी घरी आलाय, पण वाचा गेलीय. रोज डाव्या हाताने 'शारा' टाइप करतो, उघडलं नाही की रडतो. मी त्याचे डोळे पुसते, पण नवा पासवर्ड सांगत नाही.

तुमच्यानंतरची,
व्हेसेला