सुकेळीची चव

४ जानेवारी, रविवार
आज बिअर लावली. वीस लिटर, आग्नेलसाठी. त्याच्या घशाच्या कॅन्सरचे रेडिएशनचे शेक संपून सहा महिने झाले, परवाचा रिपोर्ट स्वच्छ आला. ८ फेब्रु.ला त्याच्या अंगणात जेवण. डॉ. म्हणाले, अर्धा ग्लास चालेल. तर हा म्हणतो, "अर्धाच प्यायचा तर तुझ्या हातचा पितो." तिसरीपासूनचा मित्र. शेकांनंतर जिभेला चवच नाही त्याच्या. मटण काय, लोणचं काय, सगळा ओला पुठ्ठा.

११ जाने.
बिअरच्या बादलीत सुकेळी टाकली. आमच्याच वाडीतली राजेळी केळी उन्हात सुकवलेली, बारीक चिरून. आधी उकळून घ्यायला हवी होती. चर्चमध्ये मिस्साला उशीर होत होता, तशीच टाकली. बत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांना भांडी निर्जंतुक करायला शिकवलं मी.
आग्नेलला फोन करून सांगितलं, सुकेळीची बिअर. आता गावभर सांगत सुटलाय.

२५ जाने.
बाटल्या भरल्या. वास आंबूस. रिटा म्हणाली, "अहो, असाच येतो का?"
"येतो."
येत नाही. मला माहीत होतं.

५ फेब्रु., गुरुवार
एक उघडली. आंबट ढाण, वर पांढरी साय. दुसरी, पाचवी, तेच. सगळ्या मोरीत.
रिटा : "सांगून टाका ना त्यांना. बिघडली म्हणा. हसतील फार तर."
बरोबरच होतं तिचं. फोन लावला. मी बोलायच्या आत आग्नेलच, "तयार ना? आमची फिलोमिना सकाळपासून ग्लास पुसतेय."
तयार, म्हटलं.

६ फेब्रु.
इकडच्या दुकानांत सगळे ओळखतात, म्हणून बिअर विकत आणायला स्कूटरने एव्हरशाईन सिटीला. घरी आणून आपल्या बाटल्यांत ओतली. अर्धा फेस गेला. बुचं दाबत होतो तेवढा वेळ रिटा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

८ फेब्रु.
चाळीसेक माणसं. आग्नेलने घोट घेतला, डोळे मिटले. फिलोमिनाचा हात त्याच्या खांद्यावर.
"सुकेळी," म्हणाला. "लागली रे. मागून येते, गोडसर."
फिलोमिना रडायला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या. त्याने मला मिठी मारली. केवढा हलका झालाय ते तेव्हा कळलं.
त्या बाटलीत सुकेळी नव्हती. माझं मन राखायला बोलला, की खरंच काही लागलं त्याला...
जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हटलं.

११ फेब्रु.
फिलोमिना येऊन गेली. "भाऊजी, रविवारपासून नीट जेवतायत. काल स्वतःहून भात मागितला. एखादी बाटली उरलीय का विचारतात." उरली नाही म्हटलं. हे तरी खरं.
जाताना तिने माझे दोन्ही हात धरले. क्षणभर बरं वाटलं मला. त्याचीच जास्त लाज वाटते.
सांगावं तर त्याचं जेवण सुटेल. न सांगावं तर... रिटाच काही बोलली असती तर बरं.

१३ फेब्रु.
चर्चच्या आवारात आग्नेल फादरना सांगत होता, "ह्याने माझी जीभ परत आणली." मी हसलो. हसलो मी.

१५ फेब्रु., रविवार
सांगितलं. तो ओट्यावर पावटे सोलत बसला होता. बादलीपासून एव्हरशाईनपर्यंत सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुढचं बोलवलं नसतं. तो सोलतच राहिला. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.
हातातली शेंग टाकून म्हणाला, "मग मला काय लागलं?"
माहीत नाही, म्हटलं.
"लागलं होतं रे."
आतून फिलोमिना, "भाऊजींना चहा ठेवू?"
"नको. निघालाय तो."

१८ फेब्रु.
तीन दिवस फोन नाही. नसू दे. पण तो जेवतोय का, एवढं कळायला हवं. रिटाला म्हटलं, फिलोमिनाला विचार. ती म्हणाली, "तुम्ही विचारा."
दुपारी त्यांच्या फाटकापर्यंत गेलो. आत ताटांचा आवाज येत होता. एक ताट की दोन, ते कळेना.