भाल्याच्या टोकावरचं कडं

१२ एप्रिल

माफ कर, वही. ऑक्टोबरपासून तुला उघडलं नाही. बोटांत पेनच राहत नव्हतं, लिहू कशाने? सांधे असे सुजले की माझ्या शर्टाची बटणं मेथाने – माझ्या बायकोने! – लावून द्यायची. जन्मभर वीटभट्टीवर विटा उचललेले हात, आणि बटणाशी हरले.

आज सगळी बटणं मीच लावली. गळ्याचंसुद्धा! मेथा म्हणाली, "चर्चला निघालास की काय?" म्हटलं, कुठे नाही. नुसती लावलीत.

हा नव्या गोळ्यांचा गुण. पण डॉक्टरीणबाई आज जे बोलल्या ते डोक्यातून जात नाही. या गोळ्या सांध्यांवरच उलटलेला शरीरातला पहारा ढिला करतात म्हणून सांधे निवतात, आणि वर्षानुवर्षं घेतल्या तर रक्ताच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. "थोडाच हं. हजारांत मोजके." मोजके म्हणजे कोणीतरी असतातच ना! गाठ आली, ताप हटेना, मार न लागता काळंनिळं पडलं, तर लगेच यायचं. शिवाय दर महिन्याला तपासणीला रक्त द्यायचं. नको असतील तर जुन्या गोळ्या आहेतच, म्हणाल्या. आहेत. त्यांनी बटणं लागत नव्हती.

१३ एप्रिल

मानेत गाठ नाही. ताप नाही. गोळी घेतली.

९ मे

माझा जुना दोस्त आस्मुस, त्याच्या तबेल्यात गेलो. म्हटलं, यंदा कड्यांच्या शर्यतीला मैदानात उतरतो, तुझी घोडी दे. हसून हसून खोकला लागला त्याला.

"निस, एका हातात काठी, दुसऱ्या हातात भाला. मग लगाम काय दातात धरणार?"

काठी त्याच्या दाराशी ठेवली आणि अंगणाला फेरी मारून दाखवली. त्याने खुंटीवरचा लगाम काढला. मग म्हणाला, "ही लोटे घोडी ने. तीही म्हातारी आहे. कोण कोणाला पाडतं बघू."

चार वर्षांनी खोगीरावर बसलो! कमानीला टांगलेलं कडं सरपटत जाऊन भाल्याने उचलायचं – माझा बाप करायचा, त्याचा बाप करायचा. आज एकही मिळालं नाही. पण भाला हातातून सुटला नाही.

गाठ नाही. ताप ३६.८. पुन्हा मोजला, तेवढाच.

१७ जून

कडी मिळायला लागली. दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग. लोटे दाराच्या चौकटीला घासून जाते, भाल्याचा दांडा खांद्यात बसतो. मेथाने बाही वर केली – "हे काय करून घेतलंस!" म्हटलं, स्वाराचं अंग असंच असतं. आस्मुसलाही दाखवले. त्याने स्वतःचे दाखवले. माझे जास्त!

१० जुलै

रक्त द्यायचा दिवस आणि मैदान एकाच दिवशी आलं. मेथा म्हणते, "रक्त आधी." म्हटलं, रक्त काय, ऑगस्टमध्येही अंगात असेल. मैदान वर्षातून एकदा.

काळजी मलाच जास्त आहे, तिला काय माहीत. रोज आरशासमोर मान चाचपतो ती काय गंमत म्हणून? सगळं नीट बघतो मी.

१६ जुलै

मैदान जिंकलं, यंदाचा राजा झालो!!

काल लिहायला जमलं नाही, हात हलवून हलवून दुखले. पांढरी विजार, काळा कोट, लोटेच्या लगामाला मेथाने बागेतले गुलाब बांधलेले. दर फेरीला कडं लहान होत गेलं. शेवटी आमच्या लग्नाच्या अंगठीएवढं. उरलो दोघं – मी आणि एक तिशीतला तरणाबांड शेतकरी. त्याचा भाला कड्याला लागून सरकला. माझी पाळी. बोटांना सांगितलं, आता धरा रे. आणि कडं टोकावर! नुसतं वाजलं टिण्ण करून!

बँड माझ्यासाठी वाजला. गावभर मिरवणुकीत सर्वांत पुढे मी. आस्मुस सॉसेज हलवत ओरडत होता, "घोडी माझी! घोडी माझी!" मेथा रडली. म्हणते, कांद्यामुळे. सॉसेजवर कांदा नव्हताच.

हजारांत मोजके, म्हणाल्या होत्या बाई. मोजक्यांत असणं काल फार गोड लागलं.

१९ जुलै

लोटे लंगडते. आस्मुसने कुरणात सोडली. "राजेसाहेब, यंदा खोगीर बंद. तिचंही आणि तुमचंही." चालेल. कडं दिवाणखान्यात खिळ्याला टांगलंय. येईल त्याला दाखवतो. कॉफीला शेजारी आले तेव्हा डागही दाखवले. सात तऱ्हांचे केक समोर, आणि सगळे माझा दंड बघत होते!

२१ ऑगस्ट

काल मेथा पाठ चोळून देत होती. हात थांबला. "निस, हा कुठून?" म्हटलं, लोटे. "लोटेवर महिनाभर बसला नाहीस तू." दंड, मांडी, पोटरी – सगळीकडे डाग. नवे. कुठेच मार लागलेला नाही.

सकाळी रक्त देऊन आलो. बाई म्हणाल्या, नुसत्या गोळ्यांनीही होतं असं; दुसरंही असू शकतं. कळवू. तोवर गोळ्या बंद.

बटणं आज मीच लावली. उद्याचं माहीत नाही. कडं भिंतीवरच आहे, ते कोणी काढायचं नाही.

फोनजवळ बसलोय. कळवा हो. काय असेल ते, पण लवकर कळवा.